लॅबबाईंचा प्रयोग

पहिली कॅप्सूल मोरीत पडली होती. दुसरी मांजराने नेली. तिसरी नातवाने गॅलरीतून खाली टाकली, आणि चौथी कुठे गेली ते मालनताई चौगुल्यांना काही केल्या आठवत नव्हतं. सकाळी डबीत होती एवढं मात्र त्या शपथेवर सांगायला तयार होत्या. मी टेबलामागे बसून एकेकीचं कारण लिहून घेत होते. दुपारपर्यंत मिरजेच्या शिक्षक कॉलनीतल्या बारा बायका येऊन गेल्या आणि बाराही जणींच्या डबीत बरोब्बर एकेक कॅप्सूल कमी भरली.

शेवटच्या आल्या रत्नप्रभाबाई हिंगमिरे. उंच, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, आणि खांद्याला पिशवी अशी अडकवलेली की जणू आत्ताच ड्युटीवरून सुटल्या आहेत.

"तुमची कुठे गेली?" मी विचारलं.

"पालीने नेली."

"पाल कॅप्सूल खाते?"

"आमच्याकडची खाते," त्या म्हणाल्या आणि न सांगता वजनकाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

मी 'पाल' असं लिहिलं. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, औषधनिर्माणशास्त्र शिकून पहिल्याच नोकरीला लागले होते, आणि साठी ओलांडलेल्या बाईला 'तुम्ही खोटं बोलताय' असं कसं म्हणायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली.

नोकरी होती डॉक्टर उपळेकरांच्या हाडांच्या दवाखान्यात. गुडघ्याची झीज हा त्यांचा ध्यास होता. तीस वर्षं ते गुडघे तपासत होते आणि त्यांना एका गोष्टीने पछाडलं होतं. दोन बायकांचे एक्स-रे काढले, दोघींच्या सांध्यातली कूर्चा सारखीच झिजलेली, हाडांना सारखेच काटे फुटलेले. तरी एक बाई जिने चढते आणि दुसरीला न्हाणीघरापर्यंत जाववत नाही. हे असं का, ते कुठल्याच पुस्तकात त्यांना धड सापडलं नव्हतं. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडतं, शस्त्रक्रिया सगळ्यांना सोसत नाही. मग त्यांनी एका जंगली झाडाच्या डिंकावर काम सुरू केलं. पुण्याच्या एका कंपनीने त्याचा अर्क काढून कॅप्सूल भरून दिल्या, आणि साठ बायकांवर सहा महिने त्याची चाचणी करायची असं ठरलं.

चाचणीची रीत साधी होती. तीस जणींना डिंकाच्या कॅप्सूल, तीस जणींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण आत औषध नसलेल्या. कोणाला कुठली, हे बाईला ठाऊक नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. यादी पुण्यात एका पाकिटात सीलबंद. बायकांनी हे सगळं ऐकून, समजून सह्या केल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी त्या यायच्या. दुखणं शून्य ते दहात किती ते सांगायच्या, खुर्चीतून उठून दहा पावलं जाऊन परत यायच्या, मी घड्याळ लावायचे, आणि मग अर्धा-पाऊण तास त्यांच्या गुडघ्याविषयी आणि गुडघ्याच्या निमित्ताने सुनांविषयी ऐकायचे.

पहिल्याच दिवशी रत्नप्रभाबाईंनी हात वर करून विचारलं होतं, की डॉक्टरांनाही माहीत नाही हे शास्त्रात बसतं का. बसतं, मी म्हटलं, उलट तसंच असावं लागतं. आपण खरं औषध घेतोय असं नुसतं वाटलं तरी माणसाला बरं वाटतं, म्हणून ही लपवाछपवी. त्यांनी मान डोलावली. "म्हणजे माणूस मध्ये आला की प्रयोग बिघडतो," त्या म्हणाल्या. "आमच्या शाळेतही तसंच होतं."

त्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होत्या. बाटल्या धुणं, द्रावणं तयार करणं, बुनसेनचे बर्नर पेटवणं हे त्यांचं काम. पण मास्तर रजेवर असले की प्रयोगही त्याच करून दाखवत, आणि मुलांना ते मास्तरांपेक्षा चांगले समजत. कॉलनीत त्यांना सगळे लॅबबाई म्हणायचे. मालनताई चौगुले त्याच शाळेच्या प्राथमिक विभागात शिक्षिका होत्या. दोघींची घरं समोरासमोर, दोघीही विधवा. अठ्ठावीस वर्षं दर गुरुवारी दोघी पायी बाजाराला जायच्या. दोघींचे एक्स-रे एकाच दिवशी काढले, तेव्हा डॉक्टर ते खिडकीपाशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले होते. नावं झाकली तर कुठला कोणाचा ते सांगता येणार नाही, असं म्हणाले.

कॅप्सूल हरवल्या त्या चौथ्या आठवड्यात. त्यानंतर कॉलनीतल्या बायकांचं काहीतरी बदललं. काही जणी येताना गुणगुणत येऊ लागल्या. रत्नप्रभाबाई गच्चीवर जाऊन वाळवण घालायला लागल्या, दुखणं सातावरून तिनावर आलं. पाच जणी मात्र खाली खाली जात राहिल्या, आणि त्यांत सगळ्यांत जास्त मालनताई. सहाव्या आठवड्यात त्या काठी टेकत आल्या. आठव्यात रिक्षाने आल्या, रत्नप्रभाबाईंच्या खांद्यावर भार टाकून, आणि दुखणं नऊ म्हणाल्या. दहाव्या आठवड्यात आल्याच नाहीत.

मी फोन केला. यायचं कशाला, त्यांनी थकलेल्या आवाजात विचारलं, पिठाच्या गोळ्या खायला का. हुबळीहून मुलगी रविवारी न्यायला येणार होती. घराला कुलूप लावून कायमचंच तिकडे जायचं ठरलं होतं. एकटीला आता झेपत नाही, असं मुलीचंही मत पडलं होतं.

फोन ठेवल्यावर मी विचार करत बसले. आपली कॅप्सूल पिठाची आहे हे या बाईला कोणी सांगितलं?

उत्तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत आलं. रत्नप्रभाबाईंची तारीख नव्हती तरी त्या आल्या, दार लोटून घेतलं, आणि पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, माझा एक प्रयोग बिघडलाय," त्या म्हणाल्या. "बघून घ्या."

वही शाळेतल्या जर्नलसारखी आखलेली होती. प्रयोगाचा उद्देश: कॅप्सूलमध्ये पीठ आहे की औषध हे ओळखणे. साहित्य: कॅप्सूल बारा, टिंक्चर आयोडीन, बशी, पडताळणीसाठी बटाट्याची चकती. कृती, निरीक्षण, आणि खाली सुवाच्य अक्षरात एक तक्ता. पिठावर, म्हणजे कुठल्याही स्टार्चवर, आयोडीन पडलं की ते निळंकाळं होतं, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असतं. बारापैकी सात कॅप्सूल निळ्या पडल्या होत्या, पाच नाही.

पुण्यात सीलबंद पाकीट, आणि इथे एक बाई बटाट्याची चकती घेऊन बसलेली.

"बायकांना सांगितलंत तुम्ही?"

"सांगितलं की. त्यांनी त्यासाठीच तर दिल्या होत्या."

"म्हणजे आता सगळ्यांना माहीत आहे, कोणाची खरी ते."

"नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर खाली वळवली. "उलटं सांगितलं."

मग त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. पहिली कॅप्सूल त्यांनी स्वतःची फोडली होती, आणि ती निळी पडली. म्हणजे पीठ. पण गुडघा तर तोवर बरा होऊ लागला होता. त्या स्वयंपाकघरात बशीकडे बघत बसल्या, आणि त्यांना वाटलं, की पिठाने जर मी बरी होत असेन तर मग बरं नक्की कशाने होतं? एकतीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग मांडून दिले होते; हा पहिला स्वतःचा सुचला. ज्यांची निळी पडली त्यांना त्यांनी सांगितलं, तुझी खरी. त्यांचा बिचाऱ्यांचा धीर कशाला घालवायचा. आणि ज्या पाच जणींची निळी पडली नाही त्यांना सांगितलं, तुझी पिठाची. औषध तर पोटात जातंच आहे, नुसतं बोलण्याने त्याचं काय बिघडणार, असा त्यांचा हिशेब.

"आणि बिघडलं," मी म्हटलं.

"चौघींचं थोडं. मालनचं फार." त्यांनी वही मिटली. "परवा तिला खरं सांगायला गेले. सांगितलं, अगं, मी खोटं बोलले, तुझी खरी आहे. तर म्हणते, आता मी जाणार म्हणून माझी समजूत काढतेस. तिला पटतच नाही. तुम्ही सांगा. तुम्ही ऑफिसच्या आहात."

मला काय माहीत होतं? मला माहीत नसणं हेच तर माझं काम होतं. नियमाप्रमाणे मी तिथल्या तिथे डॉक्टरांना कळवायला हवं होतं. डॉक्टर कोल्हापूरला परिषदेला गेले होते, सोमवारी येणार होते. रविवारी हुबळीची गाडी येणार होती. मी पर्स उचलली.

मालनताई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. कोपऱ्यात दोन बॅगा भरून ठेवलेल्या. मला बघून त्यांना बरं वाटलं. माझ्यामागून रत्नप्रभाबाई आत आल्या तसा चेहरा बदलला.

"हिला सांगा, तिथे उभी राहू नकोस म्हणावं," मालनताई म्हणाल्या. "उजेड अडतोय."

मी जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मैत्रिणीला विचारलं, "तू तेव्हा खोटं बोललीस, की आता बोलतेस?"

"तेव्हा."

"हेही तूच सांगतेस."

मग मी जे केलं त्याचं समर्थन मी तेव्हाही करू शकले नाही, आजही करत नाही. फडताळावर मालनताईंची डबी होती. मी त्यातली एक कॅप्सूल काढली आणि म्हटलं, "बाई, आयोडीन आहे का पिशवीत?"

पिशवीत होतंच. बटाटाही होता. रत्नप्रभाबाईंनी स्टूल ओढून घेतलं, बशी ठेवली, एका बाजूला बटाट्याची चकती, दुसऱ्या बाजूला मी कॅप्सूल उघडून भुकटी ओतली. त्या एकदम प्रयोगशाळेत गेल्या. मालनताईंनी चष्मा लावला. बटाट्यावर थेंब पडला आणि तो शाईसारखा निळाकाळा झाला. भुकटीवर थेंब पडला. ती ओली झाली, तांबूस झाली, आणि तशीच राहिली. आम्ही तिघी वाकून बघत होतो. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

"पीठ नाही," मालनताई म्हणाल्या.

"नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"म्हणजे अडीच महिने मी खरंच औषध खातेय."

"हो."

मालनताईंनी चष्मा काढला. "आणि एवढं औषध खाऊनही मला उठवत नाही. म्हणजे माझा गुडघा औषधाच्याही पलीकडे गेला."

खरं सांगते, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. मालनताई डोळे मिटून मागे टेकल्या आणि म्हणाल्या, की जाऊ दे, हुबळीला तरी जिने नाहीत.

"मालन," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "माझी पिठाची आहे."

डोळे उघडले.

"पहिल्यापासून पिठाची. तुझ्याआधी माझीच बघितली मी. निळीशार पडली. माहीत असून खातेय."

"आणि तू गच्चीवर जातेस?"

"रोज दोनदा."

"पिठावर?"

"पिठावर."

मालनताई सावकाश सरळ बसल्या. पाय स्टुलावरून खाली घेतला. आधी मला वाटलं, आता रडणार. पण त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. "म्हणजे," त्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "तू पीठ खाऊन गच्चीवर सांडगे घालणार, आणि मला औषध खाऊ घालून इथे लोळवत ठेवणार. वर मला म्हणणार, तुझी पिठाची. अठ्ठावीस वर्षं मी हिच्यासाठी भाजीत कोथिंबीर जास्तीची घेतली."

त्या उठल्या. काठी खुर्चीला टेकलेली होती, ती तिथेच राहिली. दाराआड केरसुणी होती, ती हातात आली. रत्नप्रभाबाई एक पाऊल मागे सरल्या, मग दोन, मग उंबरा ओलांडून अंगणात. मालनताई पाठोपाठ. दारासमोर तीन पायऱ्या होत्या. त्या तिन्ही त्या उतरल्या, कठडा न धरता, आणि फाटकापाशी येऊन थांबल्या, कारण रत्नप्रभाबाई तोवर फाटकाच्या पलीकडे जाऊन कडी लावून उभ्या होत्या. शेजारच्या घरांतून दोन-तीन डोकी बाहेर आली.

"ये की पुढे, मग सांगते," मालनताई म्हणाल्या.

"तूच ये," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आलीसच आहेस एवढी."

मालनताईंनी मागे वळून बघितलं. पायऱ्या, उघडं दार, दारात मी, माझ्या हातात त्यांची काठी. त्या बराच वेळ तशाच बघत राहिल्या. मग केरसुणी फाटकाला टेकवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता परत वर चढायची मी नाही. चहा तुझ्याकडे." कडी त्यांनी स्वतःच काढली.

गुडघा काही एका दिवसात शहाणा झाला नाही. संध्याकाळी तो चांगलाच सुजला आणि मी बर्फ लावत बसले. तोपर्यंत केरसुणीचा प्रसंग कॉलनीभर झाला होता. पण रविवारी मुलगी आली तेव्हा आई समोरच्या घरी सांडगे निवडत होती. मुलगी आठ दिवस राहिली आणि भरलेल्या बॅगा रिकाम्या करून एकटीच गेली.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांपुढे उभी राहिले. वही टेबलावर ठेवली आणि पालीपासून केरसुणीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी वहीची पानं उलटली, तक्ता बघितला, पुन्हा पहिल्या पानावर आले.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

मी राजीनाम्याचा कागद पुढे केला. तो त्यांनी वाचला नाही. नोकरीचं मागाहून बघू, म्हणाले, आधी हे सगळं लिहून काढ, काहीही गाळू नकोस, केरसुणीसुद्धा. तो अहवाल त्यांनी स्वतः नीतिसमितीपुढे नेला. समितीने त्यांना झापलं, मला लेखी ताकीद दिली, आणि बाराही बायकांची नोंद चाचणीतून वगळली. औषध त्यांना हवं तर चालू ठेवायला परवानगी मिळाली, पण त्यांचे आकडे हिशेबात धरायचे नाहीत. साठाच्या उरल्या अठ्ठेचाळीस.

चार महिन्यांनी पुण्याचं पाकीट उघडलं. आकडेमोड करणारा मनुष्य कागद घेऊन आला. डिंक घेतलेल्यांचं दुखणं बरंच कमी झालं होतं. डिंक न घेतलेल्यांचंही तेवढंच कमी झालं होतं. दोन्ही रेषा शेजारीशेजारी धरल्या तर मालनताई नि रत्नप्रभाबाईंचे एक्स-रे आठवावेत.

मग त्या माणसाने दुसरा कागद काढला. वगळलेल्या बारा जणींनाही धरून त्याने सहज गणित करून पाहिलं होतं. त्या कागदावर डॉक्टरांचं औषध झकास चालत होतं. फरक स्पष्ट, छापण्याजोगा. कंपनीच्या साहेबांनी तो कागद हातात घेतला, तो त्यांना खाली ठेववेना. बायकांनी कॅप्सूल फोडल्या हे बाहेर कोणाला कळलंय, असं ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघितला. अकरा वर्षं त्या डिंकामागे घालवलेला माणूस होता तो. मग त्यांनी कागदाची चौपदरी घडी केली आणि खिशात ठेवली. "मला कळलंय," ते म्हणाले. पहिला कागद छापून आला. कंपनीने दुसरा कुठला डॉक्टर शोधला.

पण तो दुसरा कागद मला स्वस्थ बसू देईना. त्या बारा जणींमुळे औषध चांगलं दिसायला लागलं, असं कसं झालं? ज्या बऱ्या झाल्या त्या तर पीठ खात होत्या. ज्या खालावल्या त्या औषध खात होत्या. त्यांना धरलं तर डिंक वाईट दिसायला हवा. मी यादी मागून घेतली आणि नावांवरून बोट फिरवलं. चौगुले मालन: औषध नाही. हिंगमिरे रत्नप्रभा: औषध. मी बाराही नावं तपासली, दोनदा. मग पुण्याला कॅप्सूल भरणाऱ्या विभागात फोन लावला.

त्या गृहस्थांना माझा प्रश्न फार साधा वाटला. डिंकाचा अर्क चिकट असतो, ते म्हणाले, तो यंत्राला चिकटतो, म्हणून त्यात मक्याचं पीठ मिसळावं लागतं. आणि औषध नसलेल्या कॅप्सूलमध्ये काय होतं? दुधाची साखर, ते म्हणाले, पीठ अजिबात नाही.

मी त्याच दिवशी रत्नप्रभाबाईंकडे गेले. चाचणी संपली होती, आता ज्याचं त्याला कळण्यात काही अडचण नव्हती. त्या गच्चीवर होत्या. मी फोनवर ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, आणि मग त्यांनी बोटांवर उजळणी केली, जशी पाढ्याची करतात: निळी म्हणजे औषध. निळी नाही म्हणजे साखर. निळीवाल्यांना मी काय सांगितलं? खरी. बाकीच्यांना? खोटी.

त्या गच्चीच्या कठड्यावर बसल्या आणि त्यांना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एकदाच मन लावून खोटं बोलले, तर अकराच्या अकरा वेळा खरं निघालं."

"आणि तुम्हाला वाटत होतं, तुम्ही पीठ खाताय."

"मी औषध खात होते, पीठ समजून. मालन साखर खात होती, आधी पीठ समजून, मग औषध समजून." त्यांनी डोळे पुसले. "मग गुडघा बरा केला कोणी?"

मला सांगता आलं नाही. डॉक्टरांनाही त्या वेळी सांगता आलं नसतं, पण तोच प्रश्न घेऊन त्यांनी पुढची सात वर्षं काढली, आणि मी त्यांच्याबरोबर.

खालून हाक आली. मालनताई फाटकाशी दोन पिशव्या घेऊन उभ्या होत्या, गुरुवार होता. त्यांना आज सांगायचंच, तो त्यांचा हक्क आहे, असं मी म्हटलं. रत्नप्रभाबाईंनी ते मान्य केलं, अगदी गंभीरपणे. फक्त येताना सांगते म्हणाल्या, जाताना नको, जाताना चढ आहे.

संध्याकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मालनताई होत्या. त्यांना सगळं कळलं होतं; मी वाट बघत होते की आता रागावतील. त्या जराही रागावल्या नव्हत्या.

"कोरे मॅडम," त्या म्हणाल्या, "त्या साखरेच्या कॅप्सूल उरल्या असतील तर दोन डब्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा. रत्नाचं औषध नको मला. मला त्याच मानवतात."